ऐकायला ठेवलेली

“तिला सांगून बघ. तिला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल.”

दार उघडंच होतं. मी पायरीवर वाकून सँडलचा पट्टा सोडत होते. ईशानीची आई, म्हणजे आंटी, आत स्वयंपाकघरातून तिला सांगत होत्या. आवाजात राग नव्हता, कुचकेपणाही नव्हता. मिक्सरचं झाकण नीट लाव, असं सांगावं तसं सांगितलं.

पट्टा सुटला होता. मी वाकलेलीच राहिले.

ती म्हणजे मी.

मग आत गेले. “नमस्ते आंटी,” म्हणाले. “ये, ये,” त्या म्हणाल्या. “वाटच बघून राहिली ती तुझी.”

ईशानी आणि मी दहावीत एकाच वर्गात होतो. शाळा इंग्रजी. मी तिथे पहिलीत आरटीईच्या राखीव जागेवरून आले होते आणि शाळेनं ते मला कधी विसरू दिलं नाही. शाळेत रेड, ब्लू, ग्रीन, यलो असे हाऊस होते. आणि मग आम्ही होतो, आरटीईवाले. सरांना आमची नावं पाठ नसायची, पण आम्ही कोण ते पाठ असायचं.

आमची वस्ती आणि त्यांची कॉलनी यांच्यामध्ये एक नाला. बुद्धविहार आमच्या बाजूला, बगीचा त्यांच्या बाजूला. बाबा लकडगंजमध्ये आरा मशीनवर होते. घरी आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा लाकडाचा भुसा असायचा. आई घरी साड्यांना फॉल-पिको करायची. बहुतेक साड्या नाल्यापलीकडून यायच्या, आंटींच्या कॉलनीतून. आंटींनी एका बाईला सांगितलं, तिनं दुसरीला, असं ते काम वाढलं होतं. हे आई रोज एकदा तरी बोलून दाखवायची.

प्रिलिम झाल्यावर आंटी स्वतः साड्या घेऊन आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. “बाई, मुलीला दुपारची पाठवत जा,” म्हणाल्या. “दोघी मिळून रिव्हिजन करतील. हिलाही वातावरण मिळेल.”

वातावरण. आईला तो शब्द फार आवडला. बाबांना सांगताना तिनं तो दोनदा म्हटला. दुसऱ्या दिवशी माझ्या ड्रेसला इस्त्री केली आणि म्हणाली, “पाय, लोकं कसे चांगले असतात. आपल्यालेच उगाच वाटत राहते.”

मलाही तेव्हा चांगलंच वाटलं. मला मैत्रिणी नव्हत्या. मी बोलायची नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर जायचा नाही. कुणी घरी बोलावलं, याचाच आनंद होता.

वातावरण असं होतं. ईशानीची वेगळी खोली. भिंतीवर रंगीत टाइमटेबल. टेबल, दिवा, गोल फिरणारी खुर्ची. आणि माझ्यासाठी एक ठेंगणा प्लास्टिकचा स्टूल. बाथरूममध्ये कपडे धुवायला घेतात तसा. तो रोज मी यायच्या आधी आणून ठेवलेला असायचा आणि मी गेल्यावर परत बाथरूममध्ये जायचा, हे मला नंतर कळलं. एकदा तो ओला होता.

ईशानी पुस्तक वाचायची, बंद करायची आणि माझ्याकडे तोंड करून धडा सांगायची. इंग्रजीत, टीव्हीवरच्या बायकांसारखं हात हलवत. शेवटी विचारायची, “गॉट इट?” मी मान हलवायची. मग पुढचा टॉपिक.

मला वाटलं होतं, आता माझी पाळी येईल. मी सांगेन, ती ऐकेल. मिळून अभ्यास म्हणजे तेच ना. माझी पाळी कधी आली नाही. मधे आंटी एका वाटीत भिजवलेले बदाम आणायच्या, सोललेले. वाटी ईशानीपुढे ठेवायच्या. “तू तर घरून जेवून आली असशील,” माझ्याकडे न बघता म्हणायच्या. मी हो म्हणायची. खरंच जेवून आलेली असायची. पण बदाम चावल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

आणि मग तो दिवस, पायरीवरचा. तिला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

म्हणजे मी मैत्रीण नव्हते. सोबतीणही नव्हते. मी माप होते. सगळ्यात मठ्ठ कोण सापडेल, तर नाल्यापलीकडची ही गप्प पोरगी. हिच्या डोक्यात शिरलं तर पेपर तपासणाऱ्याच्या डोक्यात नक्की शिरेल.

त्या दिवशीही ईशानीनं विचारलं, “गॉट इट?” मी मान हलवली. मान हलवताना पहिल्यांदा मला माझी मान जाणवली.

एक गोष्ट त्या घरात कुणालाच माहीत नव्हती. कुणी विचारली नाही म्हणून. पुस्तक बंद करून बोलून दाखवायचं, ही त्यांची युक्ती माझ्या घरात आधीपासून होती. ती कुणी शिकवली नव्हती. आईमुळे आपोआप झाली होती.

आई मांडीवर साडी पसरून फॉलला हातशिलाई घालत बसायची. हात कामात, कान मोकळे. मी लहान असताना तिला वाटायचं, पोरगी नुसती पुस्तकाकडे बघत बसते, खरंच अभ्यास करते की नाही कोण जाणे. म्हणून ती म्हणायची, “पुस्तक ठेव तिकडं. काय वाचलं सांग मले.” मी सांगायची. इंग्रजीतला धडा आमच्या बोलीत करून सांगावा लागायचा आणि तो तसा करायचा म्हणजे आधी आपल्याला कळायला लागायचा. पाठ केलेलं वाक्य आईपुढे चालत नसे. ती मधे मधे म्हणायची, “मंग?” आणि काही पटलं नाही की, “काहून?”

मी एकदा चिडून म्हटलं होतं, “तुला यातलं काय समजतं वं आई?”

“मले काय समजते त्यातलं,” ती म्हणाली. “पण तू थांबली का मले समजते. खोटं बोलतानी जशी थांबते ना, तशीच थांबते. जाय, पाय पुस्तकात.”

मी जायची. जिथे थांबले तेवढंच बघायची. परत येऊन सांगायची.

ती काही देवी वगैरे नव्हती. जांभया द्यायची. धड्याच्या ऐन मधे विचारायची, “कुकर लावला का?” आणि सगळं विसरायची. आज सांगितलेलं चार दिवसांनी तिच्या डोक्यातून पुसलेलं असायचं. साडीवर वाकून ती सहज म्हणायची, “त्या मासोळीचं काय होतं वं? बरफाखाली राहूनही मरत नाही म्हणे?” मग मला परत सगळं सांगावं लागायचं. मी वैतागायची. आज कळतं, तिच्या त्या विसरण्यानं माझी जेवढी उजळणी झाली तेवढी कुठल्या रंगीत टाइमटेबलनं झाली नसती. पेपरात तो प्रश्न दिसला की आईचाच आवाज यायचा.

प्रज्ञा, माझी धाकटी बहीण, तेव्हा लहान होती. बाबा कामावरून आले की तिला खांद्यावर घेऊन बाहेर जायचे, घर शांत राहावं म्हणून. पाहुणे आले तर दारातूनच म्हणायचे, “पोरीची परीक्षा आहे जी, चला टपरीवर बसू.” टीव्हीवर आईनं जुनी साडी टाकून ठेवली होती. घरानं साथ द्यायची म्हणजे काय, तर हे एवढंच. आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं.

आणि आईला धडा सांगणं दुपारी व्हायचं. संध्याकाळी आईला स्वयंपाक असायचा, तयार साड्या पोचवायच्या असायच्या. दुपार हीच तिची आणि माझी वेळ होती.

आता दुपारी मी आंटींकडे स्टुलावर बसलेली.

हे मला हळूहळू उमगलं. त्यांनी माझा ऐकणारा माणूस काढून घेतला होता आणि मला त्यांच्या मुलीचा ऐकणारा माणूस केलं होतं. माझी बोर्डाची परीक्षा तिच्याच दिवशी होती. पेपर तोच होता.

मी आईला म्हटलं, “उद्यापासून मी नाही जात.”

“काहून?”

आईच्या काहूनला मी पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. काय सांगणार होते? की ते चांगले लोक नाहीत?

तिनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, “त्याहिच्या कॉलनीच्या साड्या येतात बाई. परीक्षेपर्यंत जाय. तोंड कशाले वाकडं करा.”

मी गेले.

त्यानंतरचीच दुपार. धडा उष्णतेचा. ईशानीनं छान सांगितलं. थंड देशात तळं वरून गोठतं, खाली चार अंशांचं पाणी राहतं, त्यामुळे मासे जगतात. एकेक शब्द पुस्तकातला. “गॉट इट?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “काहून?”

‘व्हाय’ नाही. ‘का’ही नाही. काहून. त्या खोलीत.

ईशानी खळखळून हसली. “मम्मा, ऐकलंस? काहून! सो क्यूट!”

मी लाजले नाही याचं मलाच नवल वाटलं. मी परत विचारलं, या वेळी शाळेच्या मराठीत. “बर्फ वरच का होतो? तळाशी का नाही?”

तिचं हसू थांबलं. “कारण… वर थंडी असते ना.”

“मग वरचं थंड झालेलं पाणी खाली का नाही जात?”

ती थांबली. मला ते थांबणं ओळखीचं होतं. आईनं मला शिकवलं होतं ते. ईशानीनं पुस्तक उघडलं. खुर्ची थोडी इकडे फिरवली, थोडी तिकडे. पानं उलटली. तिचे कान लाल झाले.

मठ्ठाला प्रश्न विचारायचा हक्क असतो. ज्याला समजत नाही त्यानंच विचारायचं ना? मला मठ्ठ म्हणून ठेवलं होतं, तर मी मठ्ठाचं काम करत होते. मी तिसऱ्यांदा विचारलं. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

आंटी ओले हात पुसत आल्या. मुलीचा चेहरा बघितला, मग माझा.

“हे बघ बेटा,” त्या म्हणाल्या. “तुला ऐकायला बोलावलंय. विचारायला नाही. पेपर तोंडावर आलेत. तिचा कॉन्फिडन्स जातो.”



मग त्यांनी आवाज मऊ केला. मारल्यावर हळद लावावी तसा. “तुला तरी कशाचं टेन्शन गं? तुमचं पुढे सगळं होऊनच जातं.”

तुमचं. तुमचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार अंशांच्या खाली पाणी आणखी थंड झालं की आकुंचन पावायच्या ऐवजी पसरतं, हलकं होतं, म्हणून वर राहतं आणि वरच गोठतं. बर्फ मग पांघरुणासारखा खालच्या पाण्याला सांभाळतो. हे मी आईला सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, “बाप्पा! आपल्या फुटाळ्याच्या तलावावर कधी नाही झाला तो बरफ.” आम्ही दोघी किती हसलो होतो. ते उत्तर मी त्या खोलीत गिळलं. त्यांच्या मुलीला दिलं नाही. द्यायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही.

परीक्षेपर्यंत मी जात राहिले. स्टुलावर बसत राहिले. मान हलवत राहिले. पण आता मान हलवणारी वेगळी होती. ईशानी जिथे जिथे थांबायची ती जागा मी मनात धरून ठेवायची. पुस्तकातल्या वाक्याला चिकटून ती पार व्हायची आणि तिला वाटायचं, आलं. मला दिसायचं, नाही आलं. परत येताना नाल्याच्या पुलावर मी ते स्वतःला विचारायची आणि स्वतःलाच उत्तर द्यायची, मोठ्यानं. भाजीवाला एकदा म्हणाला, “काय वं पोरी, भूत लागलं का?”

लागलं होतं.

निकाल आला. टक्क्यांमध्ये ईशानी माझ्या पुढे होती. हे लिहून टाकते, म्हणजे कुणाला ही सूडाची गोड गोष्ट वाटायला नको. चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. माझेही मार्क चांगले होते, पण फ्लेक्स लावावा असं आमच्यात कुणाला सुचत नव्हतं.

आंटी पेढे घेऊन आल्या. याही वेळी दारातच. “आमच्याकडे बसून बसून हिचंही सोनं झालं बघा,” त्या आईला म्हणाल्या.

“हो जी,” आई म्हणाली.

त्या गेल्यावर आईनं डबा तसाच फळीवर ठेवला. साडी मांडीवर घेतली. टाके घालता घालता म्हणाली, “ते बाई काहून म्हणे तसं?”

मग मी सगळं सांगितलं. पायरीवर ऐकलेलं, स्टूल, बदाम, तुमचं होऊनच जातं. आई खाली बघून टाके घालत होती आणि जिथे मी थांबेन तिथे म्हणत होती, “मंग?” शेवटी मी संपवलं. तिनं काहून विचारलं नाही. पहिल्यांदाच. त्यातलं काहून तिला माझ्याहून आधीपासून येत होतं.

पेढे मुंग्यांनी खाल्ले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी इंजिनिअर झाले. आता शहराबाहेरच्या मिहानमध्ये एका कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस येते, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून मी चढते. मिटिंगमध्ये अजूनही फार बोलत नाही. काही लोकांना वाटतं, हिला कळत नसेल. मी त्यांना वाटू देते. मग कोण कुठे थांबतं ते बघत बसते.

प्रज्ञा यंदा दहावीला आहे. त्याच शाळेत. ती माझ्यासारखी नाही, तिच्या तोंडाला लगाम नाही. दुपारी ती आईसमोर बसते आणि आईलाच रागावते, “अवं, परवाच तर सांगितलं होतं ना तुले!” आई अजून विसरते. आता चष्मा लागला आहे.

शाळेनं पालकांची सभा ठेवली. विषय, मुलांची उजळणी आणि घराची साथ. बाबा कामावर होते. आई आणि मी गेलो. सभागृहात पंखे, सतरंजी, पुढच्या खुर्च्यांवर कॉलनीतले लोक. दहावीची मुलं एका बाजूला बसवलेली. प्रज्ञा त्यांच्यात.

व्यासपीठावर आंटी. आदर्श पालक म्हणून. ईशानी आता परदेशात शिकते, तिची धाकटी बहीण ओवी, तेव्हाची चिमुरडी, यंदा दहावीला.

त्या चांगलं बोलल्या. व्यासपीठावर त्यांची मराठी वेगळी असते, पुण्याकडची. मोबाइल बाजूला ठेवा, झोप पूर्ण होऊ द्या, नुसतं वाचून होत नाही. मग म्हणाल्या, “पुस्तक बंद करून कुणाला तरी समजावून सांगणं, ही खरी उजळणी. आणि त्यासाठी घरात एक श्रोता हवा. आम्ही काय केलं, वस्तीतल्या एका गरजू मुलीला रोज घरी बोलवायचो. तिला बिचारीला काही कळायचं नाही. पण माझी ईशानी तिला इतक्या पेशन्सनं शिकवायची! दोघींचंही भलं झालं. ती मुलगी आज इथेच आहे. ऊठ गं, लाजू नकोस.”

माना वळल्या. मी उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

“बघा, किती छान नोकरी करते,” आंटी म्हणाल्या. “आणि योग असा, की यंदा हिची बहीण आणि आमची ओवी बरोबरच आहेत. तर आपण ती परंपरा चालू ठेवू. काय गं, उद्यापासून पाठवशील ना प्रज्ञाला?”

सगळे हसले, कौतुकानं. एका बाईनं माझ्या हातात माइक दिला.

मी प्रज्ञाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. या पोरीचं तोंड कधी बंद नसतं, ते बंद होतं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी हो म्हटलं असतं तर ती गेली असती. माझ्यासारखी स्टुलावर बसली असती, दुपारभर. तिची दुपार. तिचा पेपर.

मी माइक तोंडाजवळ नेला. माइकमध्ये फक्त श्वास वाजत होता. मला वाटलं, आता आई माझी ओढणी ओढेल. हो म्हण, साड्या येतात, म्हणेल. त्या अजूनही येतात.

आईनं ओढणी ओढली नाही. मान वर करून तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, दुपारी म्हणते तसंच, “मंग?”

तेव्हा मी बोलले. शाळेच्या मराठीत नाही, इंग्रजीतही नाही.

“नाही पाठवत, आंटी. माही बहीण तुमच्या घरी येणार नाही. मले तवा सगळं समजत होतं. तुमच्या पोरीले कुठं येत नव्हतं, तेही समजत होतं. तुमाले फक्त हो-हो करणारं डोकं पाहिजे होतं समोर. आता ओवीले बोलून दाखवायचं असन, तर दाखवू द्या तुमाले. अडली का काहून विचारा. तो स्टूल असनच अजून बाथरूममध्ये. त्याच्यावर आता तुमी बसा. अन् समजलं नाही तरी मान हलवत जा. मी हलवत होती.”